पत्र्याच्या शेडपासून नव्या घरापर्यंत : तालुक्याच्या गावात प्राणी निवारा कसा चालवावा

खान्देशात प्राणी निवारा सहसा ठरवून सुरू होत नाही. चार पोरं रस्त्यावरची पिल्लं उचलतात, कुणाचा तरी काका एमआयडीसीतली रिकामी शेड वापरायला देतो, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो फिरतात आणि पुढच्या रविवारपासून लोक गेटला पोतं अडकवून निघून जायला लागतात. पोत्यात मांजरीची पिल्लं. वर्षभरात शेडमध्ये मावत नाहीत इतकी कुत्री, पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूची एक लाट, शेजाऱ्यांची पोलिसात तक्रार आणि सुरुवातीच्या चौघांपैकी उरलेला एकटा जण. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हीच गत.

या गर्तेतून वाचायचं असेल तर एक गोष्ट पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवा: बाहेर किती जातात यावरून आत किती घ्यायचे ते ठरेल. पुढचं सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

आधी हिशेब

महिन्याला दहा जनावरं येत असतील आणि प्रत्येकाचा मुक्काम सरासरी दोन महिन्यांचा असेल, तर कुठल्याही दिवशी शेडमध्ये वीस जनावरं असणार. मुक्काम चार महिन्यांवर गेला की तीच शेड चाळिसांची होते, येणारे तेवढेच असूनही. म्हणजे पिंजरे वाढवण्यापेक्षा मुक्काम कमी करणं स्वस्त. साफसफाई आणि खाणं मिळून एका जनावरामागे रोज निदान १५ मिनिटं धरा. वीस जनावरांना पाच तास झाले, आणि त्यात औषधं, फिरवणं, फोन, दवाखान्याच्या फेऱ्या आल्याच नाहीत. कॉलेज सांभाळून येणारी दोन पोरं यापुढे जाऊ शकत नाहीत, त्यांची इच्छा कितीही असो.

जागा भरली की नाही म्हणायचं. नाही म्हणताना दुसरी वाट दाखवायची: पिल्लू सापडलेल्यानेच ते पंधरा दिवस ओसरीवर ठेवावं, लस आणि औषध निवाऱ्याकडून, घर शोधायलाही निवाराच मदत करेल. अशी तात्पुरती घरं ही निवाऱ्याची खरी ताकद असते. शेडमधल्या पिल्लापेक्षा घरात वाढलेलं पिल्लू कमी आजारी पडतं, आणि मिक्सर, कुकरची शिट्टी, टीव्हीचा आवाज त्याच्या कानांना आधीच सवयीचा असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: संस्था म्हणून नोंदणी, स्वतंत्र बँक खातं, आणि पुढे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते. तिच्या लोकांशी ओळख ठेवा, तक्रारीच्या वेळी उपयोगी पडते. पशुवैद्यकाशी मात्र ओळख पुरत नाही, त्यांच्याशी दर आणि वेळा ठरलेल्या हव्यात. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरतं पथक मिळतं, पण त्यांचा भर गुराढोरांवर. कुत्र्या-मांजरांची शस्त्रक्रिया नेमाने करणारे डॉक्टर सहसा जिल्ह्याच्या गावीच सापडतात. तुम्ही पारोळ्याला किंवा साक्रीला असाल तर महिन्यातले दोन दिवस आधीच ठरवून गाडी भरून न्यावं लागतं.

गेटवर काय करायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गेटवरची वीस मिनिटं पुढचे दोन महिने वाचवतात.

मालक स्वतः सोडायला येतो तेव्हा कारणं ठरलेली असतात. भुसावळला रेल्वेत बदली झाली, क्वार्टर सोडायचंय. दीपनगर वीजकेंद्राच्या, वरणगाव कारखान्याच्या वसाहतीतून निवृत्त झालो. मुलगा पुण्याला गेला, कुत्रं त्याचं होतं. सून बाळंत होणार आहे. अंगावर खरूज आली, घरचे घाबरतात. यातली बरीच कारणं गेटवरच सुटू शकतात. खरजेला औषध आहे, काही आठवड्यांत केस येतात. बाळंतपणाच्या घरात जंताचं औषध, लस, गोचिडांचा बंदोबस्त आणि बाळ-कुत्रं एकटे न ठेवण्याचा नियम एवढ्यावर भागतं. बदलीवाल्याला महिन्याची मुदत मागा. तोवर कुत्रं त्याच्याच घरी राहील आणि तुम्ही नवं घर शोधाल. औषध फुकट दिलंत तरी ते पिंजऱ्यापेक्षा स्वस्तच पडतं.

पाळीव जनावर बेवारस सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे एका कटिंग चहापासून भरताच्या अर्ध्या प्लेटपर्यंत. त्यामुळे गेटवर आलेल्याला कायद्याचा धाक घालू नका. तो मान डोलावून परत जाईल आणि रात्री कुत्रं बायपासवर उतरवून देईल. निदान तो सांगून आला याचा मान ठेवा.

घ्यायचंच ठरलं तर ताबापत्रावर सही, ओळखपत्राची प्रत आणि लसीचं कार्ड घ्या. मग चौकशी. "चावतो का?" हा प्रश्न वाया जातो, उत्तर पाठ असतं: "गाय शे भो, गाय" (गाय आहे भाऊ, गाय). त्याऐवजी असं विचारा:

- जेवत असताना ताटलीला हात लावला तर काय करतो?
- शेवटचं कुणाला दात लागले, आणि तेव्हा काय चाललं होतं?
- फटाक्यांच्या रात्री कुठे असतो?
- कोंबडी, बोकड, मांजर दिसलं की?
- रात्री कुठे झोपतो, आणि एकटा किती वेळ राहतो?

प्रश्न प्रसंगाचा असला की उत्तरही प्रसंगाचं येतं. हीच माहिती पुढे नव्या घराला द्यायची असते.

गळ्यात पट्टा असलेलं, अंगाने भरलेलं कुत्रं कुणी आणलं तर आधी ते हरवलेलं समजा. दिवाळीच्या दोन-तीन दिवसांत अशी कुत्री मैलोन्‌मैल पळालेली सापडतात. फोटो गावच्या ग्रुपवर टाका, पोलीस ठाण्यात कळवा, कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप वाचायचं यंत्र जवळ असेल तर मानेवरून फिरवा. मालक म्हणून कुणी आला तर त्याच्याकडून जुना फोटो किंवा अंगावरची एखादी खूण वदवून घ्या. फोटोत न दिसणारी खूण आपल्याकडे राखून ठेवलेली बरी.

जखमी जनावराचं वेगळं. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेल्या असतात. लोक फिनेल किंवा रॉकेल ओतून आणतात, त्याने कातडी भाजते. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत लाळ गाळत, थरथरत, बाहुल्या टाचणीएवढ्या झालेलं कुत्रं आलं तर विषबाधा समजून थेट डॉक्टरकडे न्या, आणि आणणाऱ्याला शेतातली औषधाची बाटली बरोबर घ्यायला सांगा. बाटलीवरचं नाव कळलं की डॉक्टरला उतारा ठरवता येतो. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेल्या कुत्र्यासाठी चार दोर बांधून बाज खाली सोडतात, ती पद्धत उत्तम. माणूस उतरवू नका.

आणि पोपट. पिंजऱ्यातला पोपट किंवा काचेच्या पेटीतलं चांदणी कासव घेऊन कुणी आलं तर ते तुमच्या दत्तक यादीत बसत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळणंच बेकायदा आहे, तुमच्याकडे ठेवणंही. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवायचं. गुरं, गाढवं आली तर गोशाळा, पांजरापोळ. सगळं आपणच करायचं या हट्टापायी एकही काम धड होत नाही.

नोंद त्याच क्षणी: तारीख, कुठे सापडलं, नर-मादी, दातांवरून वय, खुणा, दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन. सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात जाऊन पक्के येतात, तेवढ्यावरून पिल्लाचं वय बऱ्यापैकी कळतं. वजनासाठी भुसार दुकानातला काटा चालतो. कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहा, मग स्वतःचं वजन वजा करा. औषधाची मात्रा वजनावरच ठरते, तेव्हा अंदाजपंचे लिहू नका.

पहिले चौदा दिवस

नवं जनावर थेट बाकीच्यांत सोडायचं नाही. चौदा दिवस वेगळी खोली, किमान वेगळा कोपरा. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांत दिसतात, कधी दोन आठवड्यांनीही. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूच्या आजाराला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. आज गेटवर उड्या मारणारं पिल्लू चौथ्या दिवशी रक्ताची जुलाब करतं, ते यामुळे.

वेगळं म्हणजे भांडी वेगळी, झाडू वेगळा, चपलासुद्धा वेगळ्या. पार्व्हो निवारा फिरतो तो बहुतेक माणसांच्या पायांनी. कामाचा क्रम ठरवून टाका: सकाळी आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, मग नवी आलेली आणि शेवटी आजारी. उलट फिरायचं नाही, कुणी पाहुणा आला तरी.

आता फिनेल. आपल्याकडे वास आला म्हणजे स्वच्छता झाली असं धरतात. पार्व्होचा विषाणू फिनेलला दाद देत नाही, आणि काळ्या फिनेलमधली कार्बोलिक द्रव्यं मांजरांना विषारी असतात. आधी साबणाने घाण पूर्ण धुवायची, मग घरगुती ब्लीचचं पाणी, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं जमिनीवर राहू द्यायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर तिथेच संपतो. द्रावण रोज ताजं करा. मातीची जमीन काही केलं तरी निर्जंतुक होत नाही, तिथे पार्व्हो महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून नव्या जनावरांच्या खोलीला उतार दिलेली शहाबादी फरशी टाका आणि सांधे सिमेंटने भरा. देणगीचा पहिला पैसा नावाच्या बोर्डाऐवजी या फरशीत घाला.

लस गेटवरच द्यायची, जनावर फार आजारी नसेल तर. घरातल्या पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून देतात. निवाऱ्यात धोका जास्त असल्याने डॉक्टर चौथ्या आठवड्यापासूनही सुरू करतात आणि दर दोन-तीन आठवड्यांनी सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कधी ओसरेल ते पिल्लागणिक बदलतं आणि ती असेपर्यंत लस नीट लागू होत नाही. एक डोस दिला म्हणजे झालं, असं म्हणून पिल्लू घरी देऊ नका. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. सगळ्या लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात लाइट चार तास गेली की फ्रिजचं काय होतं ते सांगायला नको. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, बर्फाच्या पिशव्या गोठवून तयार ठेवा, आणि लस फ्रीझरला चिकटू देऊ नका, गोठलेली लसही वायाच जाते.

याच काळात जंताचं औषध, गोचीड-पिसवांचा उपाय आणि मांजरांच्या कानांची तपासणी. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रं जेवण सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात. नुसतं "उन्हाने सुस्तावलंय" म्हणून दोन दिवस घालवू नका. माणसांच्या गोळ्यांना हात लावू नका. पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

रेबीजबाबत सवलत नाही. कुत्र्यांत वावरणाऱ्या प्रत्येकाने आधीच प्रतिबंधक इंजेक्शनं घेतलेली असावीत. दात किंवा नख लागलं की वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं, हळद-मिरची भरायची नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस आधी घेतलेली असली तरी जायचं, पुढचे डोस डॉक्टर ठरवतील. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवतात. लाळ गाळणारं, आवाज बदललेलं, पाणी गिळता न येणारं कुत्रं आलं तर पिंजरा बंद. कुणीही घशात हाड अडकलंय का ते बघायला हात घालायचा नाही. नेमकं तेच सगळे करतात.

ऊन

बाहेरच्या पुस्तकांत या प्रकरणाला दोन ओळी असतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि पत्र्याखाली त्याहूनही जास्त. कुत्र्याला घाम जवळजवळ पंजांपुरताच येतो. तो धापा टाकून थंड होतो, आणि हवाच तापलेली असली की धापांचा उपयोग कमी.

मार्च संपायच्या आत पत्र्यावर चुन्याचा जाड हात मारा. पत्र्याखाली एक हात सोडून हिरवी जाळी किंवा गोणपाटाचं दुसरं छत बांधा, मधून वारा खेळला पाहिजे. कुलर लावा, पण समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट ठेवा. नाहीतर खोली नुसती दमट होते, आणि दमट गरमीत धापा टाकूनही अंग निवत नाही. पाण्याला सिमेंटची टाकी किंवा मातीची परात, दिवसातून तीनदा बदललेली. स्टीलचं भांडं उन्हात ठेवलं की दुपारी त्यातलं पाणी चहासारखं होतं. फिरवणं उजाडायच्या आत आणि दिवेलागणीनंतर. डांबरावर तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल तर पंजेही भाजतात.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश. ४१ च्या वर गेलं, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या जायला लागल्या की उष्माघात. साध्या पाण्याने सगळं अंग भिजवा, पंखा लावा आणि भिजवत भिजवतच डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो तापून उष्णता कोंडतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका.

खाणं

मोठ्याला दोन वेळा, पिल्लाला तीन-चार वेळा, ठरलेल्या वेळी. भात, शिजवलेलं चिकन किंवा अंडी, थोडा भोपळा. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, भाकर दुधाऐवजी चिकनच्या पाण्यात भिजवली तर आवडीने खातात. दूध-बिस्किटावर वाढवलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं आणि त्याचे पाय वाकतात.

लग्नसराईत फोन येतात: पंगतीतलं उरलंय, घेऊन जा. कोरड्या बट्ट्या घ्याव्यात, तेलात घोटलेली वांग्याची भाजी नको. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला घातक आहे, आणि खान्देशी तिखटाने काय होतं ते दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्याला कळतं. शाकाहारी देणगीदारांना गोड बोलून एक गोष्ट सांगा, की मांजर शाकाहारावर जगत नाही. त्यांना लसीचा खर्च उचलायला सांगितलं तर आनंदाने उचलतात.

नसबंदी, आणि गल्लीतलं कुत्रं

निवाऱ्यातून घरी जाणारं प्रत्येक मोठं जनावर नसबंदी करूनच जाईल, यात भाऊ-दादा काही चालू देऊ नका. पिल्लू लहान असेल तर शस्त्रक्रियेचा महिना करारात लिहा आणि परत मिळणारी अनामत घ्या. "एकदा पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर मादीला दोष लागतो" हे दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. दोष लागत नाही. उलट गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो, आणि पहिल्या माजाआधी केली तर स्तनांच्या गाठींचाही बराच कमी होतो.

धडधाकट, गल्लीत रुळलेलं मोठं कुत्रं मात्र निवाऱ्यात आणू नये, असं माझं ठाम मत. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीज लसीकरण करून, कानाला खूण करून त्याला मूळ जागी सोडायचं असतं, आणि ते काम स्थानिक संस्थेचं म्हणजे पालिकेचं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच तत्त्व कायम ठेवलं, रेबीजची लागण वा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री वगळून. भटकं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर पालिकेकडे अर्ज करता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असंही त्यात आहे. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशन अशा आवारांतली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला. त्यामुळे पालिकेचा माणूस "तुमच्याकडे वीस ठेवता का" म्हणून येऊ शकतो. खर्च, डॉक्टर आणि जागा कुणाची हे लेखी आल्याशिवाय हो म्हणू नका.

स्वभाव ओळखणं

पिंजऱ्यातलं कुत्रं हे घाबरलेलं कुत्रं असतं, पहिल्या आठवड्यात त्याच्यावर शिक्का मारू नका. दहाव्या दिवशी पाहा: अनोळखी माणूस आल्यावर पुढे येतं की मागे, ताटलीजवळ गेलं की अंग ताठ होतं का, कान-पंजे हाताळू देतं का, सायकलवरचं पोर दिसलं की धावतं का. खेड्यात जाणार असेल तर पट्टा हातात धरून शेळ्या-कोंबड्यांजवळून न्या. शहरी निवारे हा भाग सोडतात, आणि आपल्याकडे कुत्रं परत येण्याचं ते मोठं कारण ठरतं.

जे दिसलं ते तसंच लिहा. "थोडा खोडकर" वगैरे नको. जाहिरात अशी असावी: "राणी, साधारण दोन वर्षं, देशी, नसबंदी व लस झालेली. माणसांत रमते. मांजराच्या मागे धावते. पहिल्या दिवशी पुरुषांना घाबरते, खाऊ दिला की जवळ येते. गच्ची नसलेलं घर चालेल, मांजर असलेलं नाही." फोटो पिंजऱ्याबाहेर, सकाळच्या उन्हात, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा. रडवणाऱ्या मजकुराला लाइक मिळतात, घरं मिळत नाहीत.

घर निवडणं

फोन करणारा बहुतेक वेळा घरातला तरुण मुलगा असतो. पण कुत्र्याचं खरकटं, केस, शी कोण काढणार? त्याची आई किंवा वहिनी. म्हणून घरी गेल्यावर चहा होईपर्यंत मुलाशी बोला आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्या बाईंना विचारा, "ताई, तुम्हाला हवंय का?" त्या गप्प राहिल्या किंवा "ह्यांची हौस" म्हणाल्या, तर त्या घराला थांबायला सांगा. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जेवढी चुकीची घरं गाळली, तेवढी कुठल्याच अर्जाने गाळली नाहीत.

घरभेटीशिवाय जनावर द्यायचं नाही. काय बघायचं: फाटक बंद होतं का, गच्चीला कठडा आहे का, कुत्रं रात्री कुठे राहील, भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी, घरात आधीचं जनावर असेल तर त्याची तब्येत आणि लसीचं कार्ड. "याआधीचं कुत्रं कशाने गेलं?" हे जरूर विचारा. म्हातारं होऊन गेलं म्हणणाऱ्या घराला प्राधान्य. दोन वर्षांत तीन कुत्री गाडीखाली गेलेलं घर सध्या नको.

शेतकऱ्यांची मागणी वेगळी असते: केळीच्या बागेवर, कपाशीच्या शेतावर राखणीला कुत्रं हवं. सरसकट नकार देऊ नका. शेतात सालदाराच्या कुटुंबासोबत राहणारं कुत्रं फ्लॅटमधल्या कुत्र्यापेक्षा सुखी असू शकतं. पण रात्री एकटं, साखळीला, मळ्यात? नाही. यावल-रावेर, चाळीसगाव, शहादा-तळोदा या पट्ट्यांत बिबट्याचा वावर आहे, आणि बांधलेलं कुत्रं हे त्याचं आयतं भक्ष्य. रात्री आत घ्यायला दार असलेली खोली दाखवा, मग बोलू, एवढंच सांगायचं.

जोड्या जुळवताना हौसेपेक्षा दिनक्रम बघा. दोघं नोकरीला जाणाऱ्या घरात दोन महिन्यांचं पिल्लू नको, तीन वर्षांचं शांत देशी कुत्रं द्या. आजी-आजोबांना लॅब्राडोरचं दांडगं पिल्लू दिलं तर एखाद्याचा खुबा मोडेल. लहान मुलं असतील तर अगदी तान्हं मांजर टाळा. आणि कुणी सोडलेला हस्की, म्हणजे बर्फाळ मुलखातल्या जातीचं कुत्रं, आला तर एसीचं बिल परवडेल असं किंवा घाटावरच्या थंड गावातलं घर शोधा, आपल्या उन्हात तो जिवंत राहतो एवढंच.

पैसे घ्यावेत का? जनावराची किंमत लावायची नाही, पण लस-शस्त्रक्रियेच्या खर्चाचा काही भाग घ्यावा. पाचशे रुपयेही द्यायला जो कुरकुरतो, तो सलाइनच्या दिवशी काय करेल? करारपत्रात मोजकी कलमं: दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, पैदास करायची नाही, आम्ही भेटायला येऊ, आणि जमलं नाही तर केव्हाही आमच्याकडेच परत आणायचं. कोर्टात हा कागद किती टिकेल ते सोडा. सही करताना घरातली दोन माणसं तो मोठ्याने वाचतात, त्याचा उपयोग होतो.

ताबा देण्याचा दिवस आणि नंतर

दिवाळी, घरचं लग्न, कानबाईच्या सणाचा रविवार, पाहुण्यांनी भरलेलं घर, असे दिवस टाळा. सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत जनावराला घर फिरून बघता येतं. सोबत लसीचं कार्ड, चार दिवसांचं नेहमीचं खाणं आणि ज्यावर ते झोपत होतं तो गोधडीचा तुकडा, न धुतलेला. मांजर मोटारसायकलवर हातात धरून न्यायला देऊ नका, झाकणाची टोपली किंवा पिंजरा हवाच.

कुत्री पळतात ती पहिल्या काही दिवसांतच, उघड्या दारातून किंवा सैल पट्ट्यातून. दोन बोटं जेमतेम जातील इतका पट्टा, त्यावर फोन नंबर, आणि दोन आठवडे फाटकातही दोरीशिवाय सोडायचं नाही. मांजराला सुरुवातीला एकच खोली, तिथेच मातीचा ट्रे आणि पाणी. आठ-दहा दिवसांनी बाकीचं घर. पहिल्याच दिवशी मोकळं सोडलेलं मांजर जुनी जागा शोधत निघतं.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा: पहिले तीन दिवस ते कदाचित नीट खाणार नाही, कोपऱ्यात बसेल. तीन आठवड्यांत दिनक्रम कळेल. तीन महिन्यांत घर आपलं वाटेल. खरे रंग, म्हणजे चपला चावणं, भुंकणं, सोफ्यावर हक्क सांगणं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतात. हे माहीत नसलेलं घर विसाव्या दिवशी "हा बदलला" म्हणून फोन करतं.

तो फोन यायची वाट बघू नका, आपणच करा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने, तीन महिन्यांनी. "कसं आहे?" विचारलं की "मस्त" एवढंच येतं. काल रात्री कुठे झोपला, शी घट्ट आहे का, पोरांच्या ताटाजवळ येतो का, असं विचारा. व्हिडिओ मागवा. गळ्यातला पट्टा, बरगड्या आणि शेपूट पाहून बरंच कळतं.

परत आलेलं जनावर गुपचूप, न रागावता घ्या. ओरडा बसेल या भीतीने लोक परत आणत नाहीत, सोडून देतात. आल्यावर पुन्हा वेगळी खोली, पुन्हा तपासणी, आणि वहीत कारण त्यांच्याच शब्दांत. काही जनावरं कुठेच जात नाहीत: लकवा झालेली, म्हातारी, पुन्हा पुन्हा चावणारी. अशांसाठी ठरलेल्या चार-पाच जागा ठेवा आणि त्याहून जास्त वाढू देऊ नका. असह्य वेदनेत असलेल्या, बरं न होणाऱ्या जनावराचा शेवट सोपा करायचा का, हा निर्णय पशुवैद्यकाने द्यायचा आणि लिहून द्यायचा. पोरांनी मतदान घेऊन नाही.

ती परतीची वही दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी मिळून वाचा. "कोंबडी मारली" तीनदा दिसलं तर घरभेटीच्या कागदावर कोंबड्यांचा प्रश्न वर घ्या. "घरमालक नको म्हणतो" दिसलं तर परवानगीचा कागद आधी बघितला गेला नाही, तो कुणी सोडला ते विचारा. "आईला जमत नाही" दिसलं तर त्या घरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत कुणी गेलंच नव्हतं.